पाणजू : दोन पुलांमधले बेट

विरारची लोकल भाईंदर सोडते, मिठागरे मागे पडतात आणि गाडी वसईच्या खाडीवरच्या पुलावर चढते. चाकांचा आवाज बदलतो, दारात उभ्या असलेल्यांच्या अंगावर खारा वारा येतो. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा पूल संपला की गाडी थोडा वेळ जमिनीवर धावते. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट झाडी, तिच्यापलीकडे खाजणे आणि वस्ती. तेवढ्यात दुसरा, आखूड पूल येतो आणि पाठोपाठ नायगाव. दोन पुलांमधली ही जमीन म्हणजे वसई तालुक्यातले पाणजू बेट. दिवसभरात शेकडो लोकल, गुजरात-राजस्थान-दिल्लीकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या या बेटावरून जातात. एकही थांबत नाही.

एके काळी थांबत असे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. दिवसाला जाणारी एक, येणारी एक. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परतीला लागायची. तिच्या थांब्यांची यादी आजही पश्चिम रेल्वेच्या इतिहासात वाचायला मिळते : नीला म्हणजे नालासोपारा, बसीन म्हणजे वसई, मग पांजे, बोरेवला म्हणजे बोरिवली, पहाडी म्हणजे गोरेगाव, पुढे अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रे, माहीम, दादर आणि ग्रँट रोड. वसई आणि बोरिवली यांच्यामधले हे ‘पांजे’ म्हणजेच खाडीच्या दोन पात्रांमधले पाणजू. या यादीत नायगाव नाही, भाईंदर नाही, मीरा रोड नाही, दहिसर नाही. आज ज्या स्टेशनांवर पाय ठेवायला जागा नसते ती तेव्हा गाडीच्या वेळापत्रकातही नव्हती, आणि पाणजू होते.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा इतिहास सांगताना बोरीबंदर-ठाणे, चर्चगेट, विजेवरची गाडी, विरारची गर्दी या टप्प्यांवर सगळे थांबतात. पाणजूवर सहसा कोणी थांबत नाही. पण रेल्वे एखाद्या छोट्या बेटावर येते तेव्हा त्या बेटाला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, हे पाहायचे असेल तर महाराष्ट्रात याहून बोलके ठिकाण नाही.

रेल्वे येण्याआधी हा सगळा मुलूख पाण्यावर चालत होता. पोर्तुगीज काळात तर वसई स्वतःच एक बेट होती. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन्ही खाड्यांना सांधणारी सोपाऱ्याची खाडी. ही पूर्वेकडची खाडी पुढे गाळाने भरत गेली आणि वसई मुख्य भूमीला चिकटली. याच खाडीच्या काठी प्राचीन शूर्पारकाचे बंदर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात स्तूप उकरून काढला, तेव्हा या बंदराच्या जुनेपणाची जगाला खात्री पटली. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांनी वसई धरून ठेवली ती खाडीच्या मुखावर ताबा असावा म्हणून. या खाडीतून वर गेले की घोडबंदर, ठाणे, कल्याण. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला तेव्हा मराठ्यांच्या हाती किल्ल्याबरोबर हा जलमार्गही आला. पुढे इंग्रजांचा अंमल बसला तरी माल आणि माणसे होड्यांतूनच ये-जा करीत राहिली. आगाशी, अर्नाळा, वसई या बंदरांतून भात, केळी, ऊस, विड्याची पाने, मासळी मुंबईला जाई.

या व्यवस्थेला धक्का दिला तो गुजरातच्या कापसाने. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली. जुनी माणसे अजूनही तिला ‘बी. बी. सी. आय.’ म्हणतात. तिचा पहिला तुकडा मुंबईत नव्हे, तर सुरतेजवळ उत्राण ते अंकलेश्वर असा १८६० मध्ये सुरू झाला. भडोच-सुरतेकडचा कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत आणायचा हे कंपनीचे मुख्य काम. त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मार्ग भराभर दक्षिणेकडे सरकला. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी गाडी मुंबईत ग्रँट रोडला पोचली.

या सगळ्या मार्गावर खरी परीक्षा पाहिली ती नद्यांनी आणि खाड्यांनी. तापी, नर्मदा, दमणगंगा, वैतरणा आणि शेवटी वसईची खाडी. खाडीच्या तळाशी खडक लागणे कठीण, वरती पुरुषभर चिखल, दिवसातून दोनदा भरती-ओहोटीची ओढ. दगडी पाये बांधायला वेळ आणि पैसा दोन्ही अफाट लागले असते. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी यांनी वेगळी वाट काढली. बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल या अंध अभियंत्याने १८३३ मध्ये स्क्रू-पाइलचे पेटंट घेतले होते. समुद्रातल्या वाळूवर दीपगृहे उभी करायला ही युक्ती वापरली जात होती. बिडाच्या पोकळ खांबाच्या तळाला रुंद पाते असे, आणि वर लांब दांडे लावून तो खांब गोल गोल फिरवत नेला की पाते चिखल कापत खाली उतरे, लाकडात स्क्रू उतरावा तसे. घट्ट थर लागेपर्यंत खांब खाली जाई, मग त्यावर दुसरा तुकडा जोडायचा. अशा खांबांवर केनेडी यांनी साठ फुटी वॉरन पद्धतीचे लोखंडी गर्डर ठेवले. सगळे गर्डर एकाच मापाचे, म्हणजे इंग्लंडहून जहाजाने सुटे भाग आणायचे आणि कुठल्याही खाडीवर तेच जोडायचे. आज ज्याला प्रमाणित बांधकाम म्हणतात त्याचा हा हिंदुस्थानातला एक फार जुना आणि मोठा प्रयोग होता.

वसईच्या खाडीत निसर्गानेही मदत केली. खाडी इथे रुंद आहे, पण मध्येच पाणजू बेट असल्याने तिचे दोन प्रवाह होतात. भाईंदरच्या बाजूचा मोठा, नायगावच्या बाजूचा लहान. त्यामुळे एक अखंड पूल बांधण्याऐवजी दोन पूल बांधता आले आणि मधल्या बेटावर भराव घालून रूळ टाकता आले. रेल्वेच्या दफ्तरात दक्षिणेचा पूल ७३ क्रमांकाचा आणि उत्तरेचा ७५ क्रमांकाचा. हे दोन आकडे नायगाव-भाईंदरच्या लोकांच्या तोंडी इतके रुळलेले आहेत की पुलांना वेगळी नावे पडलीच नाहीत. मुंबईला गुजरातशी आणि पुढे दिल्लीशी जोडणाऱ्या या मार्गाला खाडीच्या मधोमध आधार दिला तो या बेटाने. पाणजूने जमीन दिली, आणि सुरुवातीच्या काळात बदल्यात त्याला स्टेशन मिळाले.

वसईला मात्र रेल्वेने भरभरून दिले. वाडीतली केळी, पानवेलीची पाने, भाजी, अर्नाळा-आगाशीकडची फुले, दूध आणि मासळी पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात पोचू लागली. दादर, वांद्रे, बोरिवलीच्या बाजारांत ‘वसईवाली’ म्हणून ओळखली जाणारी भाजीवाली ही याच गाडीची देणगी. टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायकांनी आणि किटल्या दाराच्या कड्यांना अडकवणाऱ्या दूधवाल्यांनी या मार्गाला एक चेहरा दिला. उलट बाजूने, बंदरांचे महत्त्व ओसरले. किल्ल्याजवळचे जुने वसई गाव स्टेशनापासून लांब राहिले आणि स्टेशनाभोवती नवी वसई वाढत गेली. रेल्वेमार्ग जुन्या बेटाच्या पूर्व बाजूने गेला, म्हणून वस्तीही समुद्राकडची पूर्वेकडे ओढली गेली. वसई, नालासोपारा, विरार ही गावे स्टेशनांच्या दोन्ही अंगांना फुगत गेली.

१९०० पर्यंत या उपनगरी मार्गावर दोन्ही दिशांना पंचेचाळीस-पंचेचाळीस गाड्या धावत होत्या आणि वर्षाकाठी दहा लाखांवर प्रवासी होते. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. १९३६ च्या सप्टेंबरमध्ये ती विरारपर्यंत आली. पाणजूवरून विजेच्या तारा गेल्या. पुढच्या पिढीत जुने लोखंडी पूल निवृत्त झाले, त्यांच्या शेजारी नवे पूल उभे राहिले. १९९३ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल विरारपर्यंत वाढवली गेली. २००७ पर्यंत बोरिवली-विरार दरम्यान चार मार्ग झाले. २००९ मध्ये दादर-विरार दरम्यान पंधरा डब्यांची लोकल आली. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर जुन्या १५०० व्होल्टच्या जागी २५ हजार व्होल्टचा वीजप्रवाह पूर्णपणे आला. आज पश्चिम रेल्वे दिवसाला चौदाशेच्या आसपास उपनगरी फेऱ्या चालवते. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत १२ लाख २२ हजार माणसे होती. यातली कितीतरी कमावती माणसे सकाळी दक्षिणेकडे आणि रात्री उत्तरेकडे पाणजूवरून जातात.

या दीडशे वर्षांत पाणजूचे स्टेशन नाहीसे झाले. पलीकडे नायगाव, अलीकडे भाईंदर ही स्टेशने उभी राहिली, वाढली, त्यांना फलाट, पादचारी पूल, सरकते जिने मिळाले. मधल्या बेटाला गाडी फक्त ऐकू येते.

पाणजू हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. मासेमारी, भातशेती, मिठागरे आणि खाडीतली रेती यांवर त्याचा संसार चालत आला. बेटाला रस्त्याचा पूल नाही. बाहेर पडायचे तर होडी, तीही बहुतेक नायगावच्या धक्क्याकडे. शाळा-कॉलेजात जाणारी मुले, नोकरीला जाणारे तरुण, बाजाराला निघालेल्या बायका, आजारी माणसे या सगळ्यांना आधी खाडी ओलांडावी लागते. भरती-ओहोटी बघून घराबाहेर पडणे हा तिथला रोजचा हिशेब. ओहोटीला धक्क्याजवळचा चिखल उघडा पडतो, पावसाळ्यात वारा आणि पाणी दोन्ही उसळतात, रात्री उशिरा होडी मिळत नाही. रात्री बाळंतीण अडली किंवा कुणाला साप चावला तर रुग्णवाहिका दारात येणार नाही, हे बेटावरच्या प्रत्येक घराला माहीत असते.

मग उरतो रेल्वेचा पूल. होडी चुकली, वेळ टळून गेली, तर माणसे रुळांच्या कडेने चालू लागतात. नायगावकडचा पूल अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, म्हणून त्यावरून जाणारे अधिक. रुळाशेजारची ही अरुंद वाट रेल्वेच्या ट्रॅकमन आणि की-मनसाठी असते. त्यांच्या हातात झेंडी असते, गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ असतात, आणि गाडी आली की पुलाच्या बाजूला काढलेल्या छोट्या सज्ज्यात उभे राहायची त्यांना सवय असते. डोक्यावर ओझे आणि हाताला मूल घेऊन निघालेल्या बाईला यातले काहीच नसते. गाडी जवळून गेली की वाऱ्याचा झोत माणसाला ढकलतो आणि मग लगेच आत ओढतो. कठड्याला धरून, पाठ वळवून, डोळे मिटून उभे राहायचे. चार मार्ग असल्याने एक गाडी गेली म्हणजे संपले असे होत नाही. एकीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडतो आणि अपघात होतो तो नेमका अशा वेळी. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणे असे चालणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा बरोबर आहे. पण ज्याला दुसरी वाटच दिलेली नाही त्याला दंडाची पावती देऊन तो प्रश्न सुटत नाही.

या पुलावर एक धोका प्रवाशांनीच निर्माण केला आहे. लोकलच्या दारातून खाडीत निर्माल्य टाकण्याची सवय इकडे फार जुनी. हार, फुले, नारळ, जुन्या तसबिरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधायच्या आणि गाडी पुलावर आली की जोरात भिरकवायच्या. धावत्या गाडीतून फेकलेल्या नारळाचा वेग गाडीइतका तरी असतोच. २०२५ मध्ये पुलाच्या कडेने चालत निघालेल्या पाणजूच्या एका तरुणाला असाच फेकलेला नारळ लागला आणि त्यात त्याचा जीव गेला. देवाच्या नावाने टाकलेल्या वस्तूने एका घरातला कर्ता मुलगा गेला. त्यानंतर काही दिवस हळहळ झाली. पुलावरून पिशव्या पडणे थांबले नाही. तिवरांच्या मुळांत अडकलेले प्लास्टिक ओहोटीला कुणालाही दिसते. विरारच्या गाडीने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असलेली ही गोष्ट आहे, त्यासाठी कुठल्या प्रकल्पाची आणि निधीची गरज नाही.

दुसरा धोका पाण्याखालचा. खाडीतली रेती पूर्वी डुबी मारून, बादल्यांनी काढली जाई. नंतर सक्शन पंप आले आणि रात्रीत बोटीच्या बोटी भरू लागल्या. मुंबई परिसरातल्या इमारतींच्या भुकेने हा उपसा वाढत गेला. पुलाच्या दोन्ही अंगांना ठरावीक अंतरात उपशाला बंदी आहे, महसूल खाते आणि पोलीस छापे घालतात, पंप आणि बोटी जप्त करून नष्ट करतात, तरी चोरटा उपसा पुन्हा डोके वर काढतो. तळ खचला की पुलाच्या खांबांभोवतीची माती निसटते आणि बेटाचा काठही ढासळतो. म्हणजे पाणजूची शेतजमीन आणि दिल्लीकडे जाणारी राजधानी एक्स्प्रेस या दोघांचा धोका एकच आहे. बेट सांभाळले तर पूल सांभाळला जातो, हे रेल्वेनेही तितक्याच निकडीने ओळखायला हवे.

जुन्या लोखंडी पुलांची गोष्ट अशीच रुखरुख लावणारी. गाड्या नव्या पुलांवर गेल्यानंतर जुने पूल बरीच वर्षे शेजारी तसेच उभे होते. हलक्या वाहनांसाठी आणि पादचाऱ्यांसाठी ते खुले करा, नायगाव-भाईंदर-पाणजू जोडून टाका, अशी मागणी वसईकरांनी वर्षानुवर्षे केली. रेल्वेने तो सांगाडा धोकादायक ठरवला आणि शेवटी भंगारात काढायचे ठरले. खाऱ्या हवेने गंजलेल्या पुलावर वाहने सोडणे शहाणपणाचे नव्हते, हे खरे. पण वापर संपला त्याच वेळी, लोखंडात दम होता तेव्हा, निदान पायवाटेचा विचार झाला असता तर पाणजूच्या दोन पिढ्यांचे हाल वाचले असते.

पाणजू एकटे नाही. याच मार्गावर विरारच्या पुढे वैतरणा नदीत वाढीव-वैतीपाडा ही गावे अशीच दोन रेल्वे पुलांच्या मध्ये अडकली आहेत. तिथले पूल ९२ आणि ९३ क्रमांकाचे. दक्षिणेला वैतरणा स्टेशन, उत्तरेला सफाळे, आणि मधल्या माणसांना दोन्हीकडे जायला वर्षानुवर्षे रुळांचाच रस्ता. या पुलांवर अनेकांचे जीव गेले आहेत. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी सेवा डहाणूपर्यंत वाढली, गाड्या वाढल्या, म्हणजे पुलावरून चालणाऱ्यांना दोन गाड्यांमध्ये मिळणारा वेळही कमी झाला. मार्गाची प्रगती होताना कडेच्या माणसाचा धोका वाढतो, हे वाढीव आणि पाणजू या दोन्ही ठिकाणी एकसारखे घडले.

बेटावर रेल्वे नेण्याचे काम इतरत्र कसे झाले ते पाहिले की पाणजूची उणीव अधिक स्पष्ट होते. तमिळनाडूत पांबनचा पूल फेब्रुवारी १९१४ मध्ये सुरू झाला आणि रामेश्वरम् बेटाला रेल्वे मिळाली. तिथे गाडी बेटावर जाऊन थांबते, कारण बेट हेच तिचे मुक्कामाचे ठिकाण. १९६४ च्या डिसेंबरात चक्रीवादळाने धनुष्कोडीची रेल्वे वाहून गेली, तरी पांबनचा पूल दुरुस्त करून पुन्हा चालू केला गेला. १९८८ मध्ये शेजारी रस्त्याचा पूल झाला आणि ६ एप्रिल २०२५ ला उभा उचलला जाणारा नवा रेल्वे पूल सुरू झाला. मॉरिशसमध्ये, जिथे कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही मराठी जपून आहेत, पहिली रेल्वे १८६४ मध्ये सुरू झाली. गुजरातहून मुंबईकडे येणारी गाडी पाणजूवरून गेली तेही त्याच वर्षी. इथे कापूस होता, तिथे साखर. उसाची वाहतूक रस्त्याने होऊ लागली तशी तिथली रेल्वे आटली, १९६४ मध्ये पूर्ण बंद झाली आणि २०१९ मध्ये मेट्रो एक्स्प्रेसच्या रूपाने परत आली. रामेश्वरम् आणि मॉरिशस इथली रेल्वे बेटासाठी होती, म्हणून ती पडली तेव्हा उभी करण्याचा आग्रहही बेटाने धरला. पाणजूवरची रेल्वे पहिल्या दिवसापासून पलीकडच्या माणसांसाठी होती. तिच्यात बेटाचा वाटा एका स्टेशनाएवढा होता आणि तोही टिकला नाही.

आता पुन्हा एकदा या खाडीवर मोठी कामे येऊ घातली आहेत. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ‘३ अ’ टप्प्यात बोरिवली-विरार दरम्यान पाचवा आणि सहावा मार्ग आहे. लांबी २६ किलोमीटर. मार्च २०१९ मध्ये केंद्राने या टप्प्याला मंजुरी दिली. या मार्गांसाठी ७३ आणि ७५ क्रमांकांच्या पुलांशेजारी नवे पूल लागणार आणि पाणजूवर आणखी भराव पडणार, तिवरेही जाणार. भाईंदर-नायगाव रस्ता पुलाची योजना एमएमआरडीएकडे दशकाहून अधिक काळ आहे. मीरा रोड ते विरार मेट्रो १३ आणि उत्तन-विरार सागरी सेतू हेही कागदावर आहेत. २० फेब्रुवारी २०२४ पासून वसई किल्ल्याच्या धक्क्याहून भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली आणि रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरचा वळसा घालणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण ही बोट वसई आणि भाईंदर या दोन टोकांसाठी आहे. बेटाच्या वाट्याला जुनीच होडी आहे.

म्हणून पाणजूचा प्रश्न आता मांडायला हवा, पुलाचे खांब उभे राहिल्यावर नव्हे. पाचव्या-सहाव्या मार्गाच्या पुलाला एका बाजूने कुंपण घातलेली, रुळांपासून वेगळी पायवाट जोडणे हे मूळ खर्चाच्या मानाने किरकोळ काम आहे. ती आराखड्यात असेल तर होईल, नंतर जोडायची म्हटली तर कधीच होणार नाही. नायगावकडचा आखूड पूल आधी घ्यावा, म्हणजे बेटाची निम्मी अडचण लगेच मिटेल. रस्ता पूल होईल तेव्हा त्याला पाणजूवर उतरायला जागा असावी. दिवसातून मोजक्या शटल गाड्यांना बेटावर थांबा द्यायचा की नाही, याचा अभ्यास तरी रेल्वेने करावा. १८६७ मध्ये दिवसाला एक गाडी होती तेव्हा जे जमले, ते चौदाशे फेऱ्यांच्या काळात तपासूनही पाहिले जाऊ नये हे पटणारे नाही. वाढीव-वैतीपाड्यालाही हाच न्याय लावायला हवा.

वसई-विरारच्या लोकप्रतिनिधींनी, पालघर जिल्हा प्रशासनाने आणि रोज या पुलावरून जाणाऱ्या प्रवाशांच्या संघटनांनी ही मागणी एकत्र येऊन मुंबई रेल्वे विकास महामंडळापुढे लेखी ठेवावी. आणि तोवर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाने एवढे करावे : निर्माल्य घरीच ठेवावे किंवा निर्माल्य कलशात टाकावे, पुलावरून खाली काहीही टाकू नये. खाली माणसे चालत असतात.